भीतीला आपल्या बाजूला वळवणाऱ्या कुंदाताई

कुंदाताई शेजवळ यांनी मला पहिल्या भेटीत घरी पाठवलं होतं.

अंधेरी पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत, छापखाना आणि बटणांचा कारखाना यांच्यामधल्या एका गाळ्यात त्यांची संकलनाची खोली होती. चित्रपटसृष्टीत ताई तेव्हा भयपटांच्या संकलक म्हणून ओळखल्या जात. दूरचित्रवाणीवरच्या भुताखेतांच्या मालिकांपैकी बऱ्याच त्यांच्या हाताखालून गेलेल्या होत्या. कुणाच्या तरी ओळखीने मी सहायकाचं काम मागायला गेलो. ताई डबा खात होत्या आणि समोरच्या पडद्यावर आवाज बंद करून एक प्रसंग पाहत होत्या. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "भीती वाटते का रे तुला?"

मुलाखत आहे, छाती पुढे काढली पाहिजे, असं मला वाटलं. मी म्हणालो, "नाही ताई, अजिबात नाही."

"मग जा घरी. ज्याला भीती वाटत नाही त्याला भीतीचं काम कसं जमेल?"

मी दारापर्यंत गेलो आणि तिथून कसाबसा बोललो, "पालीची वाटते."

ताई मोठ्याने हसल्या. "मग आधी सांगायचं ना! ये, बस. जेवलास का?"

त्या दिवशी त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि खरडा खाऊन मी त्यांचा सहायक झालो. पुढे मी दिग्दर्शक झालो, माझ्या नावाच्या पाट्या पडद्यावर आल्या, तरी ताईंच्या खोलीत शिरताना मी आजही सहायकच असतो. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात माझ्यापेक्षा जाणकार मंडळी लिहिणार आहेत. मी फक्त जे जवळून पाहिलं ते सांगतो.

ताईंचे आईवडील मराठवाड्यातून मुंबईला आले आणि घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत राहिले. ताई तिथेच वाढल्या, महापालिकेच्या शाळेत शिकल्या आणि शेजारच्या एका बाईंबरोबर फिल्मच्या निगेटिव्ह कापण्या-जोडण्याच्या कामाला लागल्या. त्या कामात बायका बऱ्याच होत्या; संकलकाच्या खुर्चीत मात्र फारशा नव्हत्या. ती खुर्ची मिळवायला ताईंना काय काय सोसावं लागलं, हे त्यांनी मला कधीच रंगवून सांगितलं नाही. एकदाच म्हणाल्या, "चांगली दृश्यं पुरुषांना मिळायची, भुतं मला. मग मी म्हटलं, भुतंच नीट करू."

गंमत म्हणजे भुतांवर त्यांचा कवडीचा विश्वास नाही. त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पुस्तकांचं कपाट आहे आणि नवस, उतारे, अंगारे यांना त्या घरात थारा नाही. मी एकदा विचारलं, "ताई, मग इतकी वर्षं हे कसं केलंत?" त्या म्हणाल्या, "भूत खोटं असतं रे. भीती खरी असते. मी भीतीचं काम करते."

हा फरक त्यांच्या लेखी केवढा मोठा होता, ते मला लवकरच दिसलं. एका मालिकेत गावातल्या एकट्या राहणाऱ्या विधवेला चेटकीण दाखवायचं होतं. शेवटी गाव तिला बडवून हाकलून देतं आणि प्रेक्षकांनी सुटकेचा निःश्वास सोडायचा, असा प्रसंग. ताईंनी तो पाहिला आणि यंत्र बंद केलं. मालिकेच्या प्रमुखांना फोन करून त्या शांतपणे म्हणाल्या, "पडद्यावरचं भूत बघून माणूस घरी जाऊन झोपतो. पण चेटकीण म्हणून बाईला मारतात ते खरोखर घडतं. ते मी सजवून देणार नाही." समोरून बरंच समजावणं झालं. ताई ऐकून घेत होत्या आणि प्रत्येक वेळी "बरोबर आहे तुमचं, पण मी नाही करणार" एवढंच म्हणत होत्या. मालिका त्यांच्या हातातून गेली. पुढचे काही महिने खोलीत काम फार थोडं होतं. त्या काळात ताई आम्हा सहायकांना जुनी दृश्यं पुन्हा पुन्हा कापायला लावून शिकवत राहिल्या. माणूस निघून गेल्यावर रिकामी चौकट आणखी क्षणभर का ठेवायची, दचकवण्याआधी आवाज कुठे काढून घ्यायचा, आधी घाबरलेला चेहरा आणि मग कारण, हा क्रम का मोडायचा नाही, हे सगळं मी त्याच काळात शिकलो.

आता 'राखण्या'विषयी. ताईंचं नाव आजच्या तरुण मुलांपर्यंत पोहोचलं ते या चित्रपटामुळे.

आमचं घर मूळचं मालवणकडचं. लहानपणी मे महिन्यात गावी गेलो की राखणदाराच्या गोष्टी ऐकायचो. रात्री हातात दांडा घेऊन तो गावाच्या सीमेवर फिरतो, त्याच्या वहाणा वाजतात, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो आणि गावाचं वाईट करणाऱ्याला मात्र सोडत नाही. त्यावरून मला एका काळोख्या महानायकाची कल्पना सुचली. दिवसा मुंबईच्या टेकडीवरच्या वस्तीत गॅसचे सिलिंडर पोहोचवणारा माणूस, आणि अंधार पडला की त्याच वस्तीचा राखणदार, राखण्या. निर्माते जयंतभाई घाटकोपरचेच, सिनेमाचे मनापासून शौकीन. त्यांना कल्पना आवडली. नायकाच्या भूमिकेसाठी मी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला जितेश निवडला. नाटकांत लहान कामं केलेला, चित्रपटात अगदी नवा.

चित्रीकरण झालं आणि नायकाच्या पहिल्या दर्शनाचा प्रसंग मी स्वतः कच्चा जोडून मोठ्या ऐटीत ताईंना दाखवला. वस्तीचं पाणी तोडायला तीन गुंड येतात. छपरावरून राखण्या मंद गतीत उडी टाकतो, घोंगडं वाऱ्यावर फडफडतं, खालून वर सरकत कॅमेरा त्याच्या चेहऱ्यापाशी थांबतो, ढोल वाजतात.

ताईंनी पूर्ण पाहिलं. चष्मा काढून पुसला. "कोण आहे रे हा? सर्कशीतून आलाय का?"

मी खट्टू झालो. त्या म्हणाल्या, "अरे, तू त्याची ओळख करून देतोयस, लग्नात पाहुण्यांची करून देतात तशी. गुंडांना हा दिसला, आपल्यालाही दिसला, संपलं. आधी त्याची भीती येऊ दे. तो मागाहून येईल."

"पण ताई, तो नायक आहे. लोकांना त्याची भीती वाटून कसं चालेल?"

"का नाही चालणार? मला वाटायची की माझ्या बापाची."

आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. त्या लहान असताना वस्तीला पाण्याचा एकच नळ होता, तोही टेकडीच्या पायथ्याशी. पाणी पहाटे यायचं. बायका अंधारात खाली उतरायच्या आणि वाटेत काही टवाळ माणसं त्यांना त्रास द्यायची. आई पाण्याला गेली की छोटी कुंदा घरात एकटी पडून राहायची आणि बाहेरच्या दगडी पायऱ्यांवर काठीचा आवाज यायचा. टक. टक. गोधडी तोंडावर ओढून ती श्वास रोखायची. आपल्या दाराशी तो आवाज थांबतो, हे तिच्या लक्षात आलं होतं, त्यामुळे भीती आणखी वाढायची.

"एक दिवस आईला मी रडत सांगितलं. आईने दुसऱ्या दिवशी मला कडेवर घेतलं आणि दार उघडलं. म्हणाली, 'बघ, कोण आहे ते.' बाहेर माझा बाप उभा होता, हातात काठी. गिरणीची पाळी करून यायचा आणि झोपायच्या आधी बायका वर येईपर्यंत पायऱ्यांवर फेऱ्या मारायचा. मी एकटी असते म्हणून आमच्या दाराशी थांबायचा. उगाच मला जागं करायला नको म्हणून बोलायचा नाही." ताईंनी टेबलावर बोटाने दोनदा टकटक केलं. "आवाज तोच होता रे. त्या दिवसापासून मात्र तो आवाज आला की मला झोप लागायची."

त्यानंतर त्या यंत्राकडे वळल्या आणि जणू काही विशेष बोलणं झालंच नाही अशा सुरात म्हणाल्या, "तुझ्या चित्रपटात हेच कर. भीती तीच ठेव, फक्त तिची बाजू बदल."

पुढचे काही आठवडे आम्ही तो प्रसंग उकलून, लागतील ते तुकडे पुन्हा चित्रित करून नव्याने बांधत होतो. राखण्या कुठेही येताना दिसायचा नाही. तो आधीपासूनच तिथे आहे असं वाटलं पाहिजे, हा ताईंचा पहिला नियम. गुंड नळापाशी येतात. दुरून काठीचा आवाज. एक जण बघायला गल्लीत शिरतो आणि रिकामी गल्ली आपण बघत राहतो, नको इतका वेळ. तो परत येत नाही. दुसरा वर पायऱ्यांकडे पाहतो. त्याचा चेहरा दिसतो, त्याने काय पाहिलं ते दिसत नाही. चौकटीच्या कोपऱ्यातून एक जाड वहाण निघून जाते. इथपर्यंत निव्वळ भयपट. मग एका घराच्या उंबऱ्यावर बसलेली एकटी मुलगी दिसते आणि आवाज आता तिच्या दिशेने येऊ लागतो. ती मान वर करते, आवाज ओळखते, पाण्याचा तांब्या उचलून उंबऱ्याबाहेर ठेवते. अंधारातून एक हात येतो, तांब्या घेतो. बस. त्याचा चेहरा दिसतो तो थेट मध्यंतराच्या तोंडाशी.

या प्रसंगात एक कुत्रा आहे. त्याच्याविषयी मला मुद्दाम लिहायचं आहे.

माझे वडील गिरणी कामगार. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान कायमचे गेले. गिरणी बंद पडल्यावर ते मालाडला घरीच असत आणि माझे चित्रपट पाहायला यायचं टाळत. 'राखण्या'चं संकलन चालू असतानाच ते आजारी पडले. ताईंना कळल्यावर त्या रविवारी मोसंबी घेऊन घरी आल्या. दोघंही गिरण्यांच्या मुंबईतले. वडिलांशी त्या हातवाऱ्यांनी आणि ओठ ठळक हलवून कितीतरी वेळ बोलत बसल्या. निघताना दारात मला म्हणाल्या, "आपला सगळा प्रसंग आवाजावर उभा आहे. तुझ्या बाबांना त्यातलं काय मिळणार?"

मी म्हणालो, "ताई, एका माणसासाठी काय करणार?"

"एकासाठी केलं की सगळ्यांसाठी होतं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वस्तीत पाठवलं, एका झोपलेल्या कुत्र्याचं चित्रीकरण करायला. कुत्रा निवांत झोपलाय. काठी वाजते तेव्हा त्याचा एक कान उभा राहतो. पुन्हा वाजते, मान वर होते. आणि मुलीच्या उंबऱ्यापाशी आवाज येतो तेव्हा तोच कुत्रा उठून शेपूट हलवतो. कुत्र्याकडून हे करून घेताना आमची वाट लागली. पण ते तुकडे जागच्या जागी बसल्यावर प्रसंगाला वेगळाच जीव आला.

आता अडचण उभी राहिली ती जितेशची. आपला चेहरा काढून टाकलाय हे त्याला कळलं आणि तो तडक खोलीत आला. रागापेक्षा दुःखच जास्त होतं. "ताई, अख्खा कोळीवाडा येणार बघायला. आईने सगळ्यांना सांगून ठेवलंय. आणि मध्यंतरापर्यंत मी दिसणारच नाय?"

ताईंनी त्याला समजावलं नाही. आधी बसवलं, चहा दिला. मग त्याच्या चालण्याचे, न वापरलेले सगळे तुकडे एकामागून एक लावले. "ही चाल बघ. असा पाय रोवून कोण चालतं?"

जितेश पडद्याकडे वाकला. "होडीवर असंच चालायला लागतं ताई. आजोबांनी शिकवलं, लहान होतो तेव्हा."

"चेहऱ्याला रंगभूषा करता येते, प्रकाश मारता येतो. ही चाल कुणाला विकत मिळणार नाही. मी तीच ठेवलीये, सगळीकडे."

तरी त्याचं समाधान झालं नव्हतं. जयंतभाईंचं तर नव्हतंच. "ताई, हिरोची एन्ट्री म्हणजे शिट्टी पायजे ना! इथे तर पब्लिक हिरोलाच घाबरेल." वितरकही बिथरले होते. मूळ प्रसंग परत घाला, नाहीतर दुसऱ्या संकलकाकडे जाऊ, इथपर्यंत गोष्ट आली. मी स्वतः डळमळलो होतो. पहिलाच मोठा चित्रपट होता.

ताईंनी वाद घातला नाही. "दोन्ही प्रसंग दाखवू. प्रेक्षक मी आणते," एवढंच म्हणाल्या.

अंधेरीच्या एका छोट्या प्रेक्षागृहात दुपारी खेळ ठरला. घाटकोपरहून ताईंच्या वस्तीतल्या बायका मेट्रोने आल्या, ठेवणीतल्या साड्या नेसून. वर्सोव्याहून जितेशची आई आली, सकाळची मासळी विकून थेट. आणि ताईंनी एक खुर्ची पडद्यासमोर ठेवली, पडद्याकडे पाठ करून. त्या तिथे प्रेक्षकांकडे तोंड करून बसल्या. जयंतभाईंनाही त्यांनी शेजारी बसवलं. "सिनेमा तुम्ही पाहिलाय. आता ह्यांना बघा."

मी भिंतीला टेकून उभा होतो. माझा मूळ प्रसंग लागला. ढोल वाजले, बायकांनी टाळ्या वाजवल्या, मग एकीने दुसरीला बटाटेवड्याबद्दल काहीतरी विचारलं. जयंतभाईंनी टाळ्यांकडे बोट दाखवून ताईंकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ताईंनी मान डोलावली.

मग ताईंचा प्रसंग. कुत्र्याचा कान उभा राहिला आणि बोलणं थांबलं. रिकामी गल्ली आली तेव्हा एका म्हाताऱ्या आजींनी पाय उचलून खुर्चीवर घेतले. मुलगी उंबऱ्यावर दिसली तेव्हा एक बाई मोठ्याने म्हणाली, "अगं आत जा ना बाई!" आवाज जवळ आला. कुणी हलेना. आणि मुलीने तांब्या बाहेर ठेवला तेव्हा त्या सबंध खोलीने एकदम श्वास सोडला. टाळी एकही नाही. आजींनी हळूच पाय खाली ठेवले आणि पदराने डोळे टिपले.

दिवे लागले. जयंतभाई ताईंकडे वळले. पण माझं लक्ष जितेशच्या आईकडे होतं. मी घाबरतच जवळ गेलो. त्या माऊलीने मलाच विचारलं, "तो काठीवाला माजा पोर ना?"

"हो. पण चेहरा..."

"चालीवरशीच वलखला मी त्याला," त्या म्हणाल्या. "माजा सासरा असाच चालायचा." मागे उभ्या असलेल्या जितेशने ते ऐकलं. तो पुढे येऊन ताईंच्या पाया पडायला वाकला, ताईंनी त्याला मध्येच धरलं आणि म्हणाल्या, "माझ्या नको, आईच्या पड. साक्ष तिने दिली."

जयंतभाईंनी ताईंचा प्रसंग जसाच्या तसा ठेवला. मात्र मध्यंतरानंतर एक गाणं घालायचा हट्ट त्यांनी सोडला नाही आणि ताईंनी ते गाणंही तितक्याच मनापासून कापून दिलं. "त्यांचाही सिनेमा आहे ना रे," त्या म्हणाल्या. जिंकल्यावर समोरच्याला अगदीच रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हा त्यांचा स्वभाव.

चित्रपटाने धुमाकूळ वगैरे घातला नाही. पण बऱ्यापैकी चालला आणि नंतर मोबाइलवरून घराघरांत गेला. त्या पहिल्या दर्शनाबद्दल परदेशातल्या मुलांनीही मला लिहिलं. मी प्रत्येकाला कळवलं की हे कुंदाताई शेजवळ यांचं काम आहे.

बाबांना मी मालाडच्या चित्रपटगृहात घेऊन गेलो. त्यांनी सबंध प्रसंगभर माझं मनगट धरून ठेवलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाले, "माका ऐकाक येत नाय. पण तो इलो तां माका कळला." माझ्या कामाबद्दल बाबा माझ्याशी बोलले ते हे पहिल्यांदा. आज ते नाहीत. ताईंनी मला काय काय दिलं याचा विचार करायला बसलो की संकलनाच्या आधी मला त्यांची ती मनगटावरची पकड आठवते.

अलीकडे ताईंनी व्यावसायिक कामं कमी केली आहेत. दर रविवारी त्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या सभागृहात मुलींना संकलन शिकवतात. मुली मोबाइलवर चित्रण करतात, ताई जुन्या लॅपटॉपवर त्यांच्या शेजारी बसतात. मध्यंतरी मी तिथे गेलो होतो. दिशा नावाची एक चुणचुणीत मुलगी आपली छोटी फिल्म दाखवत होती. ताई एका ठिकाणी म्हणाल्या, "हे इथे लवकर कापलंस." दिशा म्हणाली, "नाही ताई, मला लवकरच पाहिजे. तिला पुढे बघायचंच नाहीये." ताईंनी तो तुकडा पुन्हा पाहिला, आणखी एकदा पाहिला. "तुझं बरोबर आहे. राहू दे," म्हणाल्या. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी त्यांना पुरस्कार स्वीकारतानाही पाहिलेला नाही.

वर्ग सुटताना दिशानेच विचारलं, "ताई, तुम्हाला अजून कशाची भीती वाटते का?"

"वाटते की. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या की वाटते." मुली हसल्या. मग ताई चष्मा डब्यात ठेवत म्हणाल्या, "पूर्वी एक वाटायची. मी गेले की ही संकलकाची खुर्ची परत रिकामी होईल, अशी. आता नाही वाटत. तुम्ही भांडताय तिच्यासाठी."

ताई, तुमची नजर अशीच तीक्ष्ण राहो, गुडघे कुरकुरले तरी तुम्हाला रविवारी घरी न बसवोत, आणि प्रकृतीच्या कुठल्याही तक्रारीला तुमच्याकडे यायला सवड न मिळो. तुम्ही शंभरी गाठावी आणि तोवर दिशासारख्या पुष्कळ मुलींनी तुम्हाला "नाही ताई, मला असंच पाहिजे" असं म्हणावं, आणि तुम्ही चष्मा चढवून तो तुकडा पुन्हा एकदा पाहावा, एवढीच तुमच्या या सहायकाची मनापासूनची इच्छा.